दोन रक्तांमधला बुडबुडा

एका माणसाचे सिरम दुसऱ्याच्या सिरममध्ये मिसळता कामा नये. रक्ततपासणीच्या यंत्रांचा इतिहास म्हणजे बव्हंशी या एका अटीचा इतिहास आहे. साखरेची किंवा युरियाची रासायनिक चाचणी यंत्राच्या आधीपासून माहीत होती. अडत होते ते नमुना उचलण्यापाशी.

1950च्या आसपास लॅबमध्ये प्रत्येक चाचणी हातानेच होई. टेक्निशियन काचेची पिपेट तोंडात धरून सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव, ओढत. थोडा जास्त जोर लागला की रुग्णाचे सिरम थेट जिभेवर. मग प्रथिने साकळवून गाळायची, रिएजंट म्हणजे रंग आणणारे रसायन घालायचे, नळी गरम पाण्यात ठेवायची आणि आलेला रंग कलरीमीटरवर मोजायचा. चाचण्यांची मागणी वाढत होती, हात मात्र तेवढेच होते.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात, माजी सैनिकांच्या रुग्णालयात लिओनार्ड स्केग्ज नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ काम करत होते. माणसाच्या हालचालींची नक्कल करणारे यंत्र बनवणे हा सरळ मार्ग होता. स्केग्जनी तो सोडला. त्यांनी नमुना वाहता ठेवला. एका फिरत्या थाळीत सिरमचे छोटे कप, त्यांत आळीपाळीने बुडणारी बारीक नळी, आणि पुढे सगळा प्रवास प्लॅस्टिकच्या नळ्यांतून. पंपाचे रूळ एकाच वेळी अनेक मऊ नळ्यांवरून फिरत आणि पेप्सीकोल्याची नळी बोटांनी दाबत न्यावी तसा द्रव पुढे ढकलत. नळीचा आतला व्यास जेवढा, तेवढा तिच्यातून जाणारा द्रव. त्यामुळे सिरम किती आणि रिएजंट किती, हे कोणी मोजायचे कारणच उरले नाही. प्रमाण नळ्या निवडतानाच ठरून गेले होते.

पण वाहत्या द्रवाची एक खोड असते. नळीच्या मधला भाग वेगाने पळतो आणि भिंतीलगतचा रेंगाळतो. पहिल्या रुग्णाच्या सिरमचा पातळ थर भिंतीला चिकटून मागे राहतो आणि दुसऱ्याच्या नमुन्यात उतरतो. लॅबमध्ये याला कॅरीओव्हर म्हणतात. स्केग्जचा उपाय होता हवेचा बुडबुडा. प्रवाहात ठरावीक अंतराने बुडबुडे सोडले की द्रवाचे छोटे छोटे तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा आपल्यातच नीट ढवळला जातो आणि बुडबुडा जाता जाता नळीची भिंत पुसून घेतो. रंग मोजण्याआधी हे बुडबुडे काढून टाकले जात. विज्ञानातल्या इतक्या साध्या आणि इतक्या उपयोगी युक्त्या मला फार थोड्या माहीत आहेत.

प्रथिने गाळण्याचे कामही त्यांनी वाहत्या प्रवाहातच उरकले. कृत्रिम मूत्रपिंडावर त्यांनी आधी काम केले होते. त्यातलाच पातळ पडदा इथे आला: साखर, युरिया पलीकडे झिरपायचे, प्रथिने अलीकडे राहायची.

कंपन्यांनी आधी नकार दिला. शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या टेक्निकॉन कंपनीने हे यंत्र घेतले आणि 1957 साली ‘ऑटोअॅनालायझर’ बाजारात आला. त्याच वर्षी स्केग्जचा शोधनिबंधही छापला गेला. थाळीत 40 कप मावत. पहिल्या नमुनायंत्रात दोन कपांच्या मध्ये नळी नुसती हवा ओढे. पुढच्या आवृत्तीत ती प्रत्येक नमुन्यानंतर पाण्यात बुडी मारू लागली. एवढ्याने कॅरीओव्हर आणखी घटला.

त्याच सुमारास जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये हाइनरिख श्निटगर यांनी दट्ट्याची पिपेट बनवली. दट्ट्या आणि द्रव यांच्यामध्ये हवेची गादी, आणि द्रवाला लागणारे टोक बदलता येणारे. तोंडाने ओढण्याची पद्धत मोडली ती इथून.

1970च्या दशकापासून वाहत्या प्रवाहाची जागा हळूहळू सुट्या-सुट्या चाचण्यांच्या पद्धतीने घेतली. प्रत्येक चाचणीला वेगळी कुपी, आणि सिरम उचलायला धातूची सुई, म्हणजे प्रोब. आज ती अनेक चाचण्यांसाठी अवघे 2 ते 10 मायक्रोलिटर सिरम उचलते. नवजात बाळांच्या दृष्टीने हे किती मोलाचे आहे, ते बालरोग विभागात काम केलेल्यांना सांगायला नको. पण सुई तीच, रुग्ण बदलणारे. गर्भवतीच्या रक्तात एचसीजी हे गर्भधारणेचे हार्मोन एक लाख एककांपर्यंत जाऊ शकते, गर्भ नसलेल्या स्त्रीत ते 5च्या खाली असते. पहिल्या नमुन्याचा दहा हजारावा भाग जरी दुसऱ्यात उतरला, तरी आकडा 10ने वाढतो आणि एखादीच्या घरात नसती चिंता शिरते. म्हणून सुई आतून-बाहेरून धुतली जाते. अशा चाचण्यांच्या काही यंत्रांत दर नमुन्याला नवे टोकच बसवतात.

सुई किती खोल बुडावी, हाही प्रश्न होता. जेवढी खोल, तेवढे सिरम बाहेरून चिकटणार. त्यासाठी विद्युत धारिता वापरली: टोक द्रवाला टेकताच ती बदलते आणि सुई काही मिलिमीटर खाली जाऊन थांबते. सिरमवर फेस असला तर मात्र ती फसते, फेसालाच द्रव समजते. सिरममध्ये फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची, गाठ आली की ओढण्याचा दाब बदलतो. दाब मोजणारी यंत्रे लगेच थांबतात आणि निकालाऐवजी इशारा देतात. मग टेक्निशियन ती नळी बाहेर काढतो, गाठ काडीने उचलतो, पुन्हा सेंट्रिफ्यूज करतो आणि नमुना परत लावतो.