रक्तातली साखर आणि मेंदूचं दार

माझे एक शेजारी आहेत. गोळ्या सुरू झाल्यावर त्यांची साखर तीनशेवरून शंभरावर आली, तर हात थरथरायला लागले, घाम फुटला. घरचे म्हणाले, मनाचे खेळ. त्यांनी गोळ्याच सोडल्या. तत्त्वज्ञानाचा माणूस असल्यामुळे ‘मनाचे खेळ’ म्हटलं की मी जरा सावध होतो.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू लागतो वीस टक्के. त्याला रक्त किती मिळतं, हे १९४५ साली अमेरिकेत केटी आणि श्मिट यांनी जिवंत माणसात मोजलं. लाफिंग गॅस थोडा हुंगायला द्यायचा आणि मेंदूकडे जाणाऱ्या व मानेच्या शिरेतून परतणाऱ्या रक्तात तो किती, हे तपासायचं. एवढंच! पुढे १९४८ मध्ये केटींनी मधुमेहाने बेशुद्ध झालेले रुग्ण तपासले. रक्त पोचत होतं, पण मेंदूचा प्राणवायूचा वापर निम्म्यावर आला होता. म्हणजे पुरवठा वेगळा आणि उपयोग वेगळा.

मग साखरेचं काय? ती मेंदूत आपोआप झिरपत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतली वाहक प्रथिनं तिला आत नेतात. १९८१ मध्ये ग्येडे आणि क्रोने या डॅनिश शास्त्रज्ञांनी उंदरांची साखर काही आठवडे चढी ठेवली. नंतर ती नेहमीच्या पातळीवर आणली, तर मेंदूत जाणारी साखर सुमारे एक पंचमांशाने कमी भरली. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, तेव्हा असं म्हणू : गोदाम ओसंडत होतं म्हणून दार अर्धं लोटून घेतलं, आणि माल कमी झाल्यावरही ते तसंच राहिलं. चढ्या साखरेत मेंदूचा रक्तप्रवाहही घटतो, असं उंदरांवरच्या १९८५ च्या प्रयोगात दिसलं.

आता माणूस. १९८८ साली अमेरिकेत बॉइल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की निरोगी माणसाला साखर ५३ च्या आसपास उतरल्यावर जी लक्षणं जाणवतात, ती साखर आटोक्यात नसलेल्या मधुमेहींना ७८ लाच जाणवतात. आमच्या शेजाऱ्यांचा अनुभव याच जातीचा. मात्र त्याचं कारण ते लोटलेलं दारच, असं म्हणायची घाई नको. माणसांच्या मेंदूतली साखर पुढे थेट मोजली गेली, तेव्हा उंदरांसारखी घट आढळली नाही. हा वाद मिटलेला नाही, आणि मला तो आवडतो.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. बाळं दिसायला बारीक, पण चरबी राखून असलेली. आपल्याकडे मधुमेह लवकर येतो, सडपातळ माणसालाही येतो, म्हणजे मेंदूला चढ्या साखरेत जास्त वर्षं काढावी लागतात.

शेजाऱ्यांना मी डॉक्टरांकडे परत पाठवलं. गोळी बंद झाली नाही. मात्रा कमी करून साखर हळूहळू उतरवली. दीड-दोन महिन्यांनी थरथर गेली.