साचा आणि सुतार

कारागिराच्या घरी दोन प्रकारची संपत्ती असते. एक हत्यारांची, दुसरी साच्यांची. हत्यारे बाजारात मिळतात. साचे मात्र ज्याचे त्याने करावे लागतात. वाकस, पटाशी, रंधा यांची आपण दसऱ्याला पूजा करतो. साचा मात्र खुंटीवर धूळ खात पडतो. आपल्या ज्ञातीचा इतिहास लिहिताना वाड्यांचे खांब आणि देवळांचे सभामंडप यांचे वर्णन पुष्कळ होते. साच्याचा उल्लेख सहसा येत नाही. ही उणीव थोडीशी भरून काढावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

त्याला निमित्त घडले ते माझ्या नातवाचे. तारापूरच्या आमच्या घराच्या पडवीत त्याने गेल्या उन्हाळ्यात गिटार हे वाद्य स्वतःच्या हातांनी घडविण्याचे ठरविले आणि पहिले दोन आठवडे केवळ साचा करण्यात घालविले. येणारा-जाणारा विचारी, "वाद्य कोठे आहे?" तो साच्याकडे बोट दाखवी. ह्या उत्तरात किती अर्थ आहे, हे मला पुढे कळले.

आपल्या प्रदेशात वाद्याचा घट निसर्गच घडवीत आला आहे. वारली बांधवांचा तारपा वाळलेल्या दुध्या भोपळ्याला बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा जोडून, मेणाने सांधून तयार होतो. कणसरीच्या पूजेत वाजणाऱ्या घांगळीलाही बांबूच्या दांडीवर दोन भोपळेच असतात. मिरजेची सतार आणि तंबोरा यांचेही तेच. पंढरपूरच्या परिसरातील भोपळे निवडून आणावयाचे, वाळवावयाचे आणि त्यांना तुणीच्या लाकडाची दांडी जोडावयाची, ही तेथील परंपरा. तिचे आद्य पुरुष फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. इंग्रजी अमलात शस्त्रांचे काम उरले नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यांनी तंतुवाद्यांकडे हात वळविला. त्यांच्या घराण्यास पुढे सतारमेकर हेच आडनाव पडले आणि मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. धंदा बुडाला तरी हातातील विद्या बुडू द्यावयाची नाही, हा त्यांचा धडा आपणही घेण्यासारखा आहे.

भोपळा वेलीवर वाढतो. गिटारीचा घट मात्र सपाट फळ्यांतून उभा करावा लागतो. तेथे साचा आला. व्हायोलिनचा सर्वश्रेष्ठ कारागीर स्ट्रॅडिव्हॅरी इटलीतील क्रेमोना गावी लाकडी साच्याभोवती बाजूच्या पट्ट्या वाकवून वाद्ये घडवी. तो १७३७ साली वारला. पुढे दोन वर्षांच्या आतच, १७३९ च्या जानेवारीत, चिमाजी आप्पांच्या फौजेने आपला तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला व त्या रणात बाजी भिवराव धारातीर्थी पडले. म्हणजे हा काळ आपणांस अगदीच परका नाही. स्ट्रॅडिव्हॅरीचा पुत्र पाओलो कापडाचा व्यापारी होता. वडिलांचा धंदा त्याने केला नाही, परंतु साचे जाळलेही नाहीत. ते त्याने कोझिओ नावाच्या एका जाणत्या उमरावास विकले. पुढे हस्ते-परहस्ते ते फिओरिनी नावाच्या वाद्यकारागिराकडे आले व १९३० साली त्याने ते क्रेमोना शहरास अर्पण केले. आज तेथील संग्रहालयात ते पाहावयास मिळतात आणि जगभरचे कारागीर त्यांवरून मापे घेतात.

गिटारीच्या इतिहासात तर सुतारांचा एक तंटाच नमूद आहे. जर्मनीतील मार्कनॉयकिर्शन गावी वाद्यकारागिरांचा संघ आणि कपाटे-पेट्या करणाऱ्या सुतारांचा संघ असे दोन वेगळे संघ होते. गिटार करण्याचा अधिकार केवळ आपलाच, सुतारांनी तिला हात लावू नये, असा वाद्यकारागिरांचा आग्रह होता. निकाल सुतारांच्या बाजूने लागला. पण ह्या भांडणास कंटाळून सुतारांच्या संघातील मार्टिन नामक कारागीर १८३३ साली अमेरिकेस गेला. त्याच्या नावाचा कारखाना आजही चालू आहे. १९६९ साली ब्राझीलचे शिसव मिळेनासे झाले, तेव्हा ह्याच कारखान्याने गिटारीच्या पाठीसाठी व बाजूंसाठी भारतीय शिसव पत्करले. त्याच वर्षी आपल्या तारापुरी अणुवीज केंद्र सुरू झाले. आपल्याकडे एक नवे युग येत असता आपल्याच देशाचे लाकूड परदेशी सुतारांच्या साच्यात बसत होते!

आता साच्याची रचना सांगतो, म्हणजे हे काम आपल्या आवाक्यातील आहे हे ध्यानी येईल. गिटारीचा घट सुमारे २० इंच लांब. खालचा फुगवटा १५ ते १६ इंच, वरचा साडेअकरा आणि मधली कंबर अकराच्या आत-बाहेर. दोन्ही बाजू सारख्या असल्याने नमुना अर्ध्याच आकृतीचा करावयाचा आणि मध्यरेषेवर उलटून दुसरी बाजू आखावयाची. आखणी पुरी एकदम केली तर डावे-उजवे कधीच जुळत नाही. मग १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे चार थर त्या आकाराने आतून कापून एकावर एक चिकटवावयाचे. आकृतीबाहेर सर्वत्र अडीच-तीन इंच लाकूड ठेवावयाचे, नाहीतर साचा स्वतःच वाकतो. साचा दोन अर्धांचा करून टोकांस बोल्टांनी जोडावयाचा, म्हणजे काम झाल्यावर घट अलगद मोकळा होतो. दोन ते अडीच मिलिमीटर जाडीच्या ओल्या पट्ट्या तापलेल्या लोखंडी नळीवर वाकवून साच्यात बसवितात आणि आतून आडव्या काठ्यांचा रेटा देऊन भिंतीशी घट्ट ठेवतात. सरस लागून चिकटू नये म्हणून भिंतीस मेण फासतात.

नातवाने हे सर्व केले. मी सहज वडिलांचा गुण्या आणून आतल्या भिंतीस लावला, तो कंबरेपाशी भिंत एक सूत कललेली! "एका सुताने काय होते?" तो म्हणाला. मी म्हटले, "बाळ, साच्यातील चूक एकदाच होत नाही. त्यातून जितक्या वस्तू निघतील, तितक्या वेळा होते." त्याने मुकाट्याने कानस उचलली आणि दोन दिवस घासून भिंत सरळ केली.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझे वडील बैलगाडीची चाके करीत. तुंबा, आरे, पुठ्ठे ह्या प्रत्येकाचा फर्मा त्यांनी पातळ सागाचा करून ठेवला होता. त्यावर त्यांच्या हातच्या खुणा होत्या. मी शाळामास्तर झालो. गाड्या गेल्या, वडीलही गेले. घर आवरताना ते सर्व फर्मे निरुपयोगी समजून मी बंबात घातले. दोन सकाळींचे पाणी तापले. आज कोणी विचारले, की तारापुरी चाकाच्या पुठ्ठ्याचा बाक किती असे, तर मला सांगता येत नाही आणि सांगणारे दुसरे कोणी घरात उरलेले नाही. पाओलो कापड विकीत होता, तरी त्याने साचे राखले. मी मुलांस विद्या शिकवीत होतो आणि घरची विद्या जाळली.

म्हणून ज्ञातिबांधवांस माझी हात जोडून विनंती आहे. आपापल्या माळ्यावर एकदा चढून पाहा. जुना फर्मा, नमुना, आखलेली फळी सापडली तर ती पुसून, तीवर कोणाची, कशाची, कोणत्या गावची हे लिहून ठेवा. घरातील वृद्ध हयात असतील तर आजच विचारा. ज्ञातीच्या कार्यालयात एक कपाट ह्या कामी राखून ठेवावे, ही सूचना मी चालकांपुढे नम्रपणे मांडतो.

नातवाची गिटार दिवाळीत वाजली. सूर गोड आहे. साचा त्याने मोडला नाही. आत तारीख आणि स्वतःचे नाव लिहून, ज्या खुंटीवर माझ्या वडिलांचे फर्मे टांगलेले असत, त्याच खुंटीवर त्याने तो टांगला आहे. श्रीविश्वकर्मा सर्वांस सद्बुद्धी देवो.