टिकेल तो प्रसाद

इंदूरच्या खजराना गणपतीपुढे अलीकडच्या वर्षांत गणेशचतुर्थीला सव्वा लाख मोदकांचा नैवेद्य मांडतात आणि थंडीत तिळचतुर्थीची जत्रा भरली की तीळगुळाच्या सव्वा लाख लाडवांचा. देव तोच, आकडा तोच, जिन्नस मात्र ऋतूप्रमाणे बदललेला. दरम्यान सफरचंदाच्या हंगामात कपकेक भाजण्याची युरोप-अमेरिकेतली रीत आपल्या शहरांतल्या ओव्हनांपर्यंत पोचली आहे, आणि काश्मीर-हिमाचलचे सफरचंद इंदूरच्या बाजारात उतरते तेही याच भाद्रपद-आश्विनात. फळ आहे, ओव्हन आहे, सणही आहे. तरी सफरचंदाचा कपकेक सणाच्या ताटात रुजलेला नाही. कारण विचारले की अंडे आणि परकेपणा ही दोन उत्तरे ताबडतोब मिळतात. मला ती अपुरी वाटतात. खजरानाच्या प्रसादाचा इतिहास पाहिला तर दिसते की सणाचा गोड पदार्थ ठरवताना धर्मापेक्षा कोठाराचे चालले आहे: जे साठवता येते, वाटता येते आणि चार दिवस टिकते, त्यालाच इथे प्रसादाचा मान मिळाला.

या देवळाची स्थापना 1735 ची सांगतात आणि श्रेय अहिल्याबाई होळकरांना देतात. अहिल्याबाईंचा जन्म 1725 चा, त्यांचा कारभार 1767 ते 1795 असा. त्यामुळे ही दोन्ही विधाने एकत्र उभी राहत नाहीत. साल खरे असेल तर काळ त्यांचे सासरे मल्हारराव यांचा, आणि श्रेय अहिल्याबाईंचे असेल तर साल बरेच पुढे सरकते. दोन्हींपैकी काहीही धरा, देऊळ होळकरांच्या आश्रयाचे, आणि इथे महत्त्वाचे तेवढेच आहे. होळकर नीरेकाठच्या होळ गावचे, म्हणजे देशावरचे. त्यांच्यामागोमाग माळव्यात आलेल्या शिलेदार, कारकून, पुजारी, बलुतेदारांत कोकणातलेही होते, पण राज्यकर्त्या घराची चूल देशावरची होती. देशावर गणपतीला तळणीचे मोदक करण्याची चाल जुनी: कणकेची पारी, आत सुके खोबरे, खसखस, गूळ किंवा साखर. उकडीच्या मोदकाला तांदळाची पिठी आणि ओला नारळ लागतो. तो किनाऱ्याचा पदार्थ. म्हणून माळव्यात आल्यावर मराठी माणसाने मोदक ‘बिघडवला’ हा आक्षेप मला मान्य नाही. देशावरून निघालेला मोदक गव्हाच्या दुसऱ्या मुलखात आला, आणि तिथे त्याला फारसे बदलावेच लागले नाही.

माळव्याची काळी जमीन गव्हा-हरभऱ्याची. ही पिके फाल्गुन-चैत्रात निघतात, तेव्हा भाद्रपदात हाताशी असते ते पाच महिने साठवलेले धान्य. पावसाळ्याने हिरवा चारा दिलेला असतो, दूधदुभते वाढलेले असते, म्हणून तूप असते. कणीक, बेसन, तूप आणि साखर यांपलीकडे या महिन्यात माळव्याच्या कोठारात दुसरे काय असणार? तिळचतुर्थी येईपर्यंत चित्र पालटते. खरिपाचा तीळ घरात आलेला असतो, गुऱ्हाळे पेटलेली असतात, आणि लाडू लगेच तिळाचा होतो. खोबरे माळव्यात पिकत नाही, मग ते मोदकात कसे, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे, पण तिच्या उत्तराने मुद्दा अधिक पक्काच होतो. आत येते ते वाळलेले खोबरे. वाट्यांच्या रूपात ते बैलांच्या पाठीवरून महिनोन्‌महिने प्रवास करू शके. रेल्वेसाठी तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले ते 1870 मध्ये. खोबऱ्याला तिची वाट पाहावी लागली नाही. अंतर आड आले नाही, कारण माल टिकाऊ होता.

याहून वजनदार आक्षेप उकडीच्या मोदकाचाच आहे. तो तर संध्याकाळपर्यंतसुद्धा धड राहत नाही, तरी गणपतीच्या नैवेद्यात सर्वांत मानाचा! पण तो घरचा नैवेद्य आहे. एकवीस मोदक, घरचीच पंगत, आणि पानावरच संपणारा पदार्थ. सव्वा लाखांचा प्रसाद हे वेगळेच काम. तो काही दिवस आधी वळायला घ्यावा लागतो, परातींत रचावा लागतो, गर्दीत हातोहात जातो आणि कागदात बांधून परगावी पोचतो. तिथे पाणी धरणारा पदार्थ चालतच नाही.

आता भट्टीकडे वळू. ओव्हनमध्ये भाजलेले आपल्या सणाला वर्ज्य होते म्हणावे, तर नानखटाईचे काय करायचे? सुरतेहून पसरलेली ही खटाई मराठी घरांनी दिवाळीच्या फराळात बिनतक्रार घेतली. घरी ओव्हन नव्हता, म्हणून काही अडले नाही. बायका तूप-साखर फेसून, मैदा मिसळून गोळे वळत, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडत, आणि ते ट्रे गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत भाजून आणत. इंदूरशेजारी महूची छावणी इंग्रज-होळकरांच्या 1818 च्या मंदसौर तहानंतर बसली. पाव-बिस्किटांची ओळख या भागाला तेव्हापासूनची असावी. पावाला सणात जागा मिळाली नाही, नानखटाईला मिळाली. दोन्ही भट्टीतलेच. फरक एवढाच की नानखटाईत पाण्याचा अंश जवळपास नसतो आणि डब्यात ती पंधरा दिवस खुसखुशीत राहते. अंड्याचा प्रश्नही असाच सुटतो. बिनअंड्याचा केक आज सर्रास मिळतो, वाढदिवसाला देवाच्या खोलीशेजारी कापलाही जातो, पण फराळाच्या डब्यात तो जात नाही.

सफरचंदाची अडचण त्याच्या अंगातच आहे. त्यात साधारण 85 टक्के पाणी असते. किसून पिठात घातले की ते पाणी कपकेकला मऊपणा देते, आणि पावसाळी दमट हवेत दोन दिवसांत बुरशीही देते. शिवाय हे फळ इथल्या कोठाराला नवे. हिमाचलातल्या कोटगढला सॅम्युअल स्टोक्स यांनी अमेरिकी ‘रेड डिलिशस’ लावले ते 1916 मध्ये, आणि ताजे फळ माळव्यात ढिगांनी यायला ट्रकांचे रस्ते लागले.

म्हणून सफरचंदाच्या कपकेकची तुलना मोदकाशी करणेच मला चुकीचे वाटते. त्याचे नाते भुट्ट्याच्या किसाशी आहे. पावसाळा सरता सरता कोवळी कणसे येतात, ती किसून तुपात परततात, दुधात शिजवतात, हिंग-मोहरी-मिरचीची फोडणी असते. इंदूरच्या सराफा बाजारात तो किस कढईतून पानात आणि तिथेच पोटात जातो. या दिवसांतला अस्सल ताजा पदार्थ हाच, आणि तरीही त्याचा प्रसाद होत नाही. त्याने त्याची किंमत कणभरही कमी होत नाही. ताज्याची जागा बाजारात आणि घरच्या ताटात, टिकाऊची देवळात, अशी वाटणी माळव्याने केलेली दिसते. सफरचंदालाही दुसऱ्या बाजूला जायची वाट बंद नाही. उत्तरेकडे त्याचा साखरेच्या पाकातला मुरंबा होतो आणि तो बरणीत वर्ष काढतो. कपकेकच्या आधी, जायचेच झाले तर, ती बरणी सणाच्या ताटापर्यंत पोचेल.