संप, लाख आणि न निघालेल्या तबकड्या

१ ऑगस्ट १९४२ ह्या दिवशी अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने तबकड्यांसाठी वाजवणे बंद केले. पुढच्याच आठवड्यात मुंबईला गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला. त्यामुळे त्या वर्षीचा ऑगस्ट म्हटला की आपल्या मनात दुसरेच काही उभे राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या दूरच्या संपाचा एक धागा आपल्या मुलखापर्यंत येऊन पोहोचतो. तो सोडवून दाखवावा, एवढाच आजच्या विषयाचा हेतू.

जाझ संगीतात ‘बीबॉप’ नावाची एक शैली आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत ती १९४० च्या सुमारास घडली. चार-पाच वादक, अतिजलद लय, आणि प्रसिद्ध गाण्याची चाल बाजूला टाकून तिच्याखालचा स्वरसंघातांचा सांगाडा तेवढा ठेवायचा व त्यावर ऐन वेळी नवी रचना करायची, अशी तिची रीत. चार्ली पार्करची ‘को-को’ ही गाजलेली तबकडी ‘चेरोकी’ नावाच्या लोकप्रिय गाण्याच्या सांगाड्यावर उभी आहे, पण मूळ चाल तिच्यात शोधून सापडत नाही. आपल्याकडे बंदिशीचे बोल मागे पडून नुसती तान तालाच्या आवर्तनात फिरत राहते तेव्हा जाणता श्रोता सम कोठे आहे हे मनात धरून बसतो. तसेच हे काहीसे आहे. नाचण्यासाठी आलेल्या लोकांना हे संगीत पसंत पडले नाही. ते ऐकण्यासाठी होते.

आता मौज अशी की, ह्या शैलीच्या जन्मकाळाच्या तबकड्या जवळजवळ नाहीत. अर्ल हाइन्स ह्याच्या वाद्यवृंदात १९४३ साली पार्कर आणि डिझी गिलेस्पी हे दोघेही एकत्र होते. त्या वृंदाची एकही तबकडी निघाली नाही. म्हणून जाझचे रसिक खाजगी ध्वनिमुद्रणांकडे डोळे लावून बसतात. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या भावाकडे, कोठल्या ग्रंथालयाच्या तळघरात एखादी पेटी निघते, आणि ती प्रसिद्ध होणार अशी वार्ता आली की महिनोन् महिने वाट पाहणे सुरू होते. न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये २२ जून १९४५ ला झालेला पार्कर-गिलेस्पींचा कार्यक्रम लोकांच्या कानी पडला तो २००५ साली, म्हणजे साठ वर्षांनी. पार्करची त्याच्या गावची, कॅन्सस सिटीची, खाजगी मुद्रणे २०२४ मध्ये बाहेर आली. पुढची पेटी कोठे उघडेल ह्याची उत्सुकता संपत नाही, आणि ती संपू नये असे मलाही वाटते.

ही पोकळी पडली कशी? जाझचे पुष्कळसे इतिहासकार एका वाक्यात उत्तर देऊन मोकळे होतात: संपामुळे. ज्याचे आयुष्य कामगार संघटनेत गेले आहे अशा माणसाला हे वाक्य सहज गिळता येत नाही. म्हणून संपाची हकीकत जरा नीट पाहू.

जेम्स सीझर पेट्रिलो हा त्या संघटनेचा अध्यक्ष. मोठा हेकट गृहस्थ. त्याची सगळी कृत्ये मी डोक्यावर घेणार नाही. पण त्याचा मुद्दा बिनतोड होता. बोलपट आले तेव्हा मूकपटांच्या थिएटरांतले हजारो वादक एका झटक्यात बेकार झाले होते. पुढे रेडिओवर आणि उपाहारगृहांतल्या नाणे टाकून वाजवायच्या पेट्यांतून तबकड्या वाजू लागल्या. वादकाला एका दिवसाची मजुरी मिळे, आणि त्याने वाजवलेली तबकडी वर्षानुवर्षे वाजत राहून त्याच्याच भाईबंदांची कामे खाई. गिरणीत नवे यंत्र आले तर कामगार त्याच्यापुढे उभा राहतो. इथे वादक आपल्याच हाताने ते यंत्र घडवून मालकाला देत होता. म्हणून मागणी अशी की, विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम संघटनेच्या निधीत जमा व्हावी आणि त्यातून बेकार वादकांना काम मिळावे. ऑक्टोबर १९४४ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने तार करून संप मागे घ्यायला सांगितले. पेट्रिलोने मानले नाही. डेका कंपनीने सप्टेंबर १९४३ मध्येच करार केला होता. कोलंबिया आणि व्हिक्टर ह्या बड्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ मध्ये नमल्या. निधी उभा राहिला. त्या पैशातून वादकांना मजुरी देऊन लोकांसाठी फुकट कार्यक्रम होऊ लागले. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने असा निधी संघटनेच्या हाती ठेवायला बंदी केली, तेव्हा १९४८ मध्ये वर्षभर दुसरा संप झाला आणि निधी त्रयस्थ विश्वस्ताकडे गेला. पण मोडला नाही.

म्हणजे संप जिंकला. त्याची किंमत म्हणून दोन वर्षांचे संगीत हवेत विरून गेले, हेही खरे. पण सगळा दोष संपाच्या पदरी घालणे मला पटत नाही. करार केलेल्या कंपन्यांना मुद्रणाची मोकळीक होती. तरी १६ फेब्रुवारी १९४४ ला कोलमन हॉकिन्सच्या ज्या बैठकीला बीबॉपची पहिली तबकडी-बैठक म्हणतात, ती अपोलो नावाच्या चिमुकल्या कंपनीने भरवली. ‘को-को’ १९४५ च्या नोव्हेंबरात काढली ती सॅव्हॉयने, तीही छोटीच. तोवर बड्यांचा संप मिटून वर्ष झाले होते. काळ्या वादकांच्या अवघड संगीताला गिऱ्हाईक नाही असा बड्यांचा हिशेब होता. संघटनाही निष्कलंक नव्हती. अनेक शहरांत तिच्या गोऱ्यांच्या व काळ्यांच्या शाखा वेगळ्या होत्या. लॉस एंजलिसमधल्या दोन शाखा एक व्हायला १९५३ उजाडावे लागले.

आणखी एक गोष्ट इतिहासकार तळटीपेत ढकलतात. बीबॉप जिथे घडले ते हार्लेममधले मिंटन्स प्लेहाउस हेन्री मिंटन ह्या सॅक्सोफोनवादकाने १९३८ मध्ये काढले, आणि हा मिंटन न्यूयॉर्कच्या वादक संघटनेच्या शाखेचा पहिला काळा प्रतिनिधी होता. मजुरीशिवाय वाजवणाऱ्या सभासदाला संघटना दंड करी. मिंटनच्या वजनामुळे त्याच्या जागेत रात्र रात्र हौसेने वाजवणाऱ्यांना हात लागत नसे. संघटनेच्या एका कार्यकर्त्याच्या छत्राखाली हे संगीत वाढले. १९४१ मध्ये जेरी न्यूमन नावाचा विद्यार्थी तिथे आपले तबकडी-मुद्रणयंत्र घेऊन बसे, म्हणून चार्ली क्रिश्चनची गिटार आज आपल्याला ऐकता येते. क्रिश्चन पुढच्याच वर्षी पंचविसाव्या वर्षी वारला.

आता लाखेकडे येतो, कारण धागा इथेच आपल्याकडे वळतो. त्या काळची तबकडी म्हणजे लाख, दगडाची भुकटी आणि काजळी ह्यांचा लगदा. लाख होते ती पळस, कुसुम, बोरीच्या झाडांवर, किड्याच्या स्रावातून, आणि जगाला ती पुरवीत होता मुख्यतः छोटा नागपूरचा मुलूख. आदिवासी बायाबापड्यांनी फांद्यांवरून खरवडून काढलेली ही लाख कलकत्त्याहून जहाजाने जाई. युद्धात समुद्र धोक्याचा झाला, लाख दारूगोळ्याच्या कामाला लागू लागली, आणि एप्रिल १९४२ मध्ये, संपाच्या आधी चार महिने, अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीची लाख सत्तर टक्क्यांनी कमी केली. लाख मिळेना तेव्हा कंपन्यांनी हमखास खपणाऱ्या तबकड्याच काढल्या असत्या. नव्या, अनोळखी पोरांचा नंबर लागलाच नसता. संपाच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी ह्या फांदीकडेही एकदा पाहावे.

ज्या देशाची लाख जगभर वाजत होती त्या देशातल्या जाझचे काय झाले? लिऑन ॲबी ह्याने १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात काळ्या अमेरिकन वादकांचा ताफा आणला. मागोमाग ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ, पियानोवाला टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड इथेच राहिला आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीने गेला. ह्या लोकांच्या शेजारी बसून शिकले ते गोव्याचे वादक. गोव्यात चर्चच्या शाळेतल्या मेस्त्रीने त्यांना लहानपणी स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवलेले असे. पणजीहून आगबोटीने, आपल्याच किनाऱ्यासमोरून, ही पोरे मुंबईला येत आणि धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडा’त बिस्तरा टाकीत. कूड म्हणजे गावकऱ्यांची सामायिक खोली. गिरणगावातल्या घाटी व कोकणी मंडळींच्या गाळ्यांची सख्खी बहीण म्हणा ना!

हळदोण्याचा अंतोनियो शाव्हिएर वाझ ह्यांतलाच. जन्म १९१६. ‘चिक चॉकलेट’ ह्या नावाने तो मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवी. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्याच्या तबकड्या निघाल्या, पण बोटांवर मोजण्याइतक्या. कारण उघड आहे. अमेरिकेतून साचा मागवून डमडमच्या कारखान्यात तबकडी दाबली की कंपनीचे काम भागत होते. मग गोवेकराला उभा करून नवे मुद्रण कोण करणार? इथे संप झाला नाही, तरीही पोकळी पडलीच. किंबहुना अमेरिकेतल्यापेक्षा मोठी पडली.

पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांची रया गेली आणि हे वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, ह्यांना चिक चॉकलेट साहाय्य करी. ‘अलबेला’ (१९५१) हा भगवानदादांचा चित्रपट आपण सर्वांनी पाहिला असेल. त्यात झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून जो ताफा वाजवताना दिसतो तो चिकचाच. फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ह्यांनी संगीतकारांच्या चाली स्वरलिपीत उतरवल्या, त्यांना वाद्यमेळाचे अंग दिले. श्रेयनामावलीत त्यांचे नाव आले तर ‘साहाय्यक’ म्हणून, आणि खोलीभर बसलेल्या वादकांचे तर नाहीच. मजुरी पाळीच्या हिशेबाने. रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांत कंत्राटी कामगाराची जी पाळी, तीच. वादकांची संघटना झाली, तिने दर ठरवून घेतले, हे थोडे नव्हे. पण विकलेल्या तबकडीमागे निधी, ही पेट्रिलोची मागणी इथे मूळ धरू शकली नाही. गीतकार-संगीतकारांचा हक्कसुद्धा १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्यांच्या बाजूने निकालात काढला आणि तो परत मिळायला २०१२ ची कायदादुरुस्ती यावी लागली. मागच्या रांगेतला ट्रॉम्बोनवाला त्या वादात कोठेच नव्हता.

अँथनी गोन्साल्विस ह्यांचे भाग्य थोडे निराळे. त्यांचा शिष्य प्यारेलाल ह्याने १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्यांचे नाव एका गाण्यात घातले, आणि सारा देश ते नाव गाऊ लागला. तो मनुष्य खराच आहे, मजोर्ड्याचा आहे, व्हायोलिन शिकवतो, हे त्या गर्दीत किती जणांना ठाऊक होते?

बीबॉपही मुंबईत वाजले. ब्राझ गोन्साल्विसचा सॅक्सोफोन, ख्रिस पेरीचा ट्रम्पेट, हे ज्यांनी ऐकले ते अजून सांगतात. चर्चगेटच्या रस्त्यावरच्या रेस्टॉरंटांत रात्रीचा धंदा आटोपल्यावर हे लोक स्वतःसाठी वाजवीत. निरंजन झवेरी ह्यांनी १९५२ मध्ये ‘ब्लू रिदम’ हे मासिक काढले आणि १९७८ मध्ये जाझ यात्रा भरवली. पण तिथले जेरी न्यूमन कोठे आहेत? टेपरेकॉर्डर त्या काळी मुंबईत अगदीच दुर्मिळ नव्हते. कोण्या पारशी शौकिनाच्या कपाटात, वांद्र्याच्या कोण्या जुन्या घरात एखादे रीळ असेलच, अशी आशा धरायला जागा आहे. नरेश फर्नांडिस ह्यांनी ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ हे पुस्तक २०१२ मध्ये काढले तेव्हा जुन्या मुद्रणांची तबकडीही सोबत दिली. तसे झाले म्हणूनच आपण आज चिकचा आवाज ओळखतो.

नवी पेटी उघडेल तेव्हा काय पाहावे? डीन बेनेडेट्टी नावाचा पार्करचा एक वेडा भक्त होता. १९४७-४८ मध्ये त्याने क्लबांत जाऊन पार्करची मुद्रणे केली. ती १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. चकत्या वाचवण्यासाठी तो पुष्कळदा पार्करचे वादन संपले की यंत्र बंद करी. त्यामुळे पार्कर आहे, पण इतरांची पाळी आली की शांतता. त्याच्या भक्तीचे मला कौतुक आहे. पण त्या मागच्या ढोलवाल्याचाही एक दिवस होता! म्हणून माझी अपेक्षा साधी आहे: मुद्रण कोठे झाले, कोणत्या तारखेला, आणि कोण कोण वाजवत होते, ह्यांची यादी पुरी असावी.

आपल्याकडे कायद्याची एक सवलत आहे. १९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९६० पूर्वी निघालेल्या तबकडीच्या मुद्रणावरचा कंपनीचा हक्क आता संपलेला आहे; मूळ चालीचा व शब्दांचा हक्क तेवढा निराळा पाहावा लागतो. मुंबईत १९९० पासून जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची एक संस्थाही आहे.

तेव्हा पेणला किंवा रोह्याला कोणाच्या माळ्यावर आजोबांच्या तबकड्यांचा गठ्ठा असेल, तर तो आडवा रचू नका. उभ्या ठेवा, नाही तर वजनाने खालच्या फुटतात. मधल्या कागदाजवळ दाबलेला बारीक आकडा उतरवून ठेवा, त्यावरून मुद्रणाचा माग लागतो. आणि धूळ काढायची झाली तर मऊ फडके घ्या. स्पिरिट लावू नका. लाख स्पिरिटात विरघळते.