सायलेन्सर कशासाठी आला?



मागे आमच्या एका गटाच्या बैठकीत एका मावशींनी कर्ज मागितलं. म्हणाल्या, "पोराच्या गाडीचं काम निघालंय, आठ हजार पाहिजेत." गटाने दिले. पंधरा दिवसांनी रात्री दहाच्या पुढे ती बुलेट गल्लीतून गेली आणि फटाक्याची लड लागावी तसा आवाज झाला. शेजारी बाळंतीण होती. तिचं लेकरू दचकून उठलं, ते तासभर रडत राहिलं. तेव्हा कळलं की गाडीचं काम म्हणजे नवा सायलेन्सर! मावशी दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "ताई, कंपनीचा काय वाईट होता? पोरं तो काढतात कशाला? अन् मग कंपनी बसवते तरी कशाला?"

मावशींचा दुसरा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. त्याचं उत्तर म्हणजे सव्वाशे वर्षांची गोष्ट आहे. आज तीच सांगते.

आपल्याकडे म्हणतात, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. तर सुरुवात जर्मनीपासूनच करू. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं. पण लोक ती विकत घ्यायला धजेनात. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन निघाली आणि माहेरच्या गावापर्यंत सुमारे १०० किलोमीटर मोटार नेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. म्हणजे मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला, हे आधी ध्यानात ठेवा.

आता आवाजाचं. इंजिनात पेट्रोलचे लहान लहान स्फोट होतात आणि त्यातून तापलेला वायू जोराने बाहेर पडतो. तो मोकळाच सोडला तर बंदुकीसारखा आवाज होतो. अमेरिकेत रीव्हज नावाच्या भावांनी १८९७ मध्ये हा आवाज दाबणाऱ्या डब्याचं पेटंट घेतलं. तोच आपला सायलेन्सर. आत कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या असतात. आवाज त्यांच्यात आपटत फिरतो आणि बाहेर येईपर्यंत दमतो.

पण त्या काळातही हौशी लोक होतेच. जुन्या मोटारींना 'कट-आऊट' नावाची झडप असायची. ती उघडली की वायू सायलेन्सर सोडून थेट बाहेर जायचा. चढावर थोडा जोर मिळावा म्हणून ती ठेवलेली, पण लोक गावातून जातानाही उघडायचे. शर्यतीच्या मोटारींनी तर सायलेन्सर काढूनच टाकले. मोकळ्या नळीचा आवाज म्हणजे वेगवान गाडी, ही समजूत तिथून आली. आज शहरातल्या महागड्या स्पोर्ट्स कारपासून आपल्या गल्लीतल्या बुलेटपर्यंत तीच समजूत चालत आली आहे.

आवाज निदान ऐकू तरी येतो. दुसरा धोका ना दिसतो, ना ऐकू येतो. १९४३ च्या जुलैत अमेरिकेतल्या लॉस एंजलिस शहरावर एवढा झोंबणारा धूर पसरला की शत्रूने विषारी वायू सोडला, असं लोकांना वाटलं. पुढे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की शत्रू घरचाच आहे. मोटारींतून निघणारे वायू उन्हात एकत्र येऊन तो धूर बनत होता.

या वायूंमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं उठत नाहीत, ते याच वायूमुळे. फ्रान्सहून अमेरिकेत गेलेले इंजिनिअर यूजीन हूड्री यांनी १९५० च्या दशकात यावर उपाय काढला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आपले मेकॅनिक त्याला नुसतं 'कॅट' म्हणतात. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर देतात. आजच्या पेट्रोल गाडीतला विषारी वायू त्या तापलेल्या जाळीतून जाताना बराचसा वाफ, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो.

अडचण एकच होती, पेट्रोलमधलं शिसं. इंजिन ठोकू नये म्हणून १९२३ पासून पेट्रोलमध्ये शिसं मिसळत. ते बनवणाऱ्या कारखान्यांतले कामगार १९२४ मध्ये भ्रमिष्ट होऊन मेले, तरी ते चालूच राहिलं. शिसं लेकरांच्या मेंदूला इजा करतं आणि या जाळीलाही निकामी करतं. हूड्री १९६२ मध्ये वारले. अमेरिकेच्या नव्या गाड्यांत कन्व्हर्टर सर्रास बसू लागला तो १९७५ पासून. शिसं काढावं लागलं ते त्याच्यामुळेच.

आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल कारला कन्व्हर्टर सक्तीचा झाला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. म्हणजे आपल्या परभणीच्या पंपावरचं शिसंही या कन्व्हर्टरच्या मागोमागच गेलं. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ नियम लागू झाला. आता बुलेटमध्येही कन्व्हर्टर असतो.

बुलेट आपल्याकडे जुनी. १९५५ पासून ती मद्रासला बनू लागली. ती येतेय हे दुरून कळायचं. पण मैत्रिणींनो, तो डुगडुग आवाज इंजिनाच्या ठेवणीचा होता, आणि सायलेन्सर लावूनच होता. आता बाजारात 'पंजाब', 'इंदोरी' अशा नावांनी मिळतात त्या जवळजवळ मोकळ्या नळ्या. बऱ्याच गाड्यांत कन्व्हर्टर त्या नळीतच बसवलेला असतो. पूर्ण नळी बदलली की तोही गेला. 'कॅट काढला की पिकअप वाढतो' असं पोरांना सांगतात. पण नव्या गाडीत धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो, त्याच्या हिशोबाने पेट्रोल सोडलं जातं. तो हिशोब बिघडतो. जोर वाढल्यासारखा वाटतो तो बहुतेक कानाला.

काढलेला कॅट जातो कुठे, हेही बघा. त्यातल्या मौल्यवान धातूंमुळे राज्यात ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाऊ लागले. चोर सायलेन्सर कापून आतली 'माती' काढून विकतात. ज्या मातीसाठी चोर रात्र जागवतात, ती आपलं पोरगं पैसे देऊन काढायला लावतं!

आता कायदा. गाडीत असा फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली गाडीच्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे नियम मोडून गाडी चालवणाऱ्याला कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कलम १९४-फ मध्ये तर तो शंभर वर्षांपूर्वीचा 'कट-आऊट' शब्द अजून तसाच आहे. राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी असे सायलेन्सर काढून त्यांच्यावर रोडरोलर फिरवलाय.

'गाडीच्या मालकाला' हे शब्द नीट ऐका. कर्ज आपल्या नावावर मिळतं म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणींच्या नावावर पोराची गाडी आहे. आरसी बुकावर नाव आपलं असेल तर मालक आपण.

म्हणून आमच्या गटाने ठरवलं की गाडीच्या कामाला कर्ज मागितलं तर गॅरेजचं कच्चं बिल आधी बघायचं. आणि नळीचं काम झालं तर जुना भाग घरी परत आणायचा.

मावशींच्या पोराचा कंपनीचा सायलेन्सर नशिबाने गॅरेजच्या कोपऱ्यात तसाच पडून होता. आणून बसवला. बाळंतिणीचं लेकरू आता रात्री झोपतं. आठ हजारांचे हप्ते मात्र मावशी अजून भरतायत.

तुमच्या गल्लीतही असं काही असेल तर पुढच्या बैठकीत विषय काढा.