डब्याचं दुसरं भोक

मोटारीचा इतिहास लिहिणारी मंडळी इंजिनाबद्दल भरभरून लिहितात. टाकीतलं पेट्रोल त्या इंजिनापर्यंत पोचतं कसं, याविषयी मात्र चार ओळी. कारण उघड आहे. या मंडळींच्या गाड्या कधी बोरघाटात बंद पडलेल्या नाहीत. आमची पडली आहे.

गोष्ट १९७६ सालची. गाडी १९४९ सालची, विलायती, आणि माझ्याकडे येईपर्यंत तीन घरचं पाणी प्यायलेली. पुण्याला भाच्याची मुंज होती. मुहूर्त अकरा वाजून वीस मिनिटांचा आणि मुलाला सख्खा मामा एकच, तो मी. शेजारी आमची ही. मागे मावशी आणि तिच्या मांडीवर लाडवांचा डबा. मुंजीला शोभावं म्हणून आदल्या रविवारी मी स्वतः गाडीला रंगाचा हात फिरवला होता.

पनवेल सोडलं आणि गाडीनं दोन आचके देऊन मान टाकली. पेट्रोलच्या काट्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून टाकीचं टोपण काढून आत काठी बुडवली. पेट्रोल भरपूर. म्हणजे पंपात वाफ धरली, असं निदान मी तिथल्या तिथे केलं. हे काही मनाचे मांडे नव्हेत. हा पंप इंजिनाला चिकटून असतो. त्यातला पडदा वरखाली होतो आणि टाकीतलं पेट्रोल ओढतो. पण तापून पेट्रोलची वाफ झाली की पडदा नुसताच हलतो, कारण पंपाला पेट्रोल ढकलता येतं, वाफ ढकलता येत नाही. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. फडकं ठेवलं, दहा मिनिटं थांबलो, गाडी सुरू! मी हिच्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

खोपोलीच्या अलीकडे पुन्हा तेच. टोपण, काठी, फडकं, सुरू.

तिसऱ्यांदा गाडी थांबली ती घाटात, शिंग्रोबाच्या देवळापाशी. घड्याळात साडेनऊ. फडकं वाळेपर्यंत वेळ होता, म्हणून मी इतिहास काढला. म्हटलं, आपण सुखी आहोत. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली, १९२७ पर्यंत तसल्या दीड कोटी गाड्या झाल्या, पण एकीलाही कारखान्यातून पंप नव्हता. टाकी पुढच्या सीटखाली आणि पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरायचं. टाकीत कमी असलं आणि चढ उभा लागला की इंजिन वर, टाकी खाली. मग लोक गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे! पुढे इंजिनाच्याच ओढीनं पेट्रोल वर खेचणारी छोटी टाकी निघाली. पण लांब चढावर इंजिनाला पूर्ण जोर लावला की ती ओढच कमी पडायची आणि ऐन घाटात टाकी कोरडी. पडद्याचा पंप रुळला तो १९२०च्या दशकाच्या अखेरीस.

"मग आपली का थांबली?" हिनं विचारलं. इतिहासाला असले प्रश्न विचारू नयेत.

समोरून जाणारे ट्रकवाले शिंग्रोबाला नाणी टाकत होते. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली. ती वाट इंग्रजांना या धनगरानं दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला प्राण गमवावा लागला, अशी दंतकथा आहे. मीही चार आणे टाकले आणि पुन्हा टोपण काढलं.

"थांब," मागून मावशी म्हणाली. "दर खेपेला तू बूच काढलंस की कुकरसारखं सुस्स होतं. अरे, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का? गुडगुडतं नि थांबतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं पाडावं लागतं. तुझ्या टाकीचं दुसरं भोक कुठंय?"

दुसरं भोक टोपणात होतं. सुईच्या अग्राएवढं. पेट्रोल जाईल तसतशी तिथून हवा आत यायची. रविवारी मी त्यावर रंगाचे दोन हात दिले होते! कुकरमधून वाफ बाहेर पडते, इथे हवा आत घुसत होती, एवढाच फरक. म्हणजे गाडी सुरू होत होती ती काठीसाठी टोपण काढलं म्हणून, आणि मानपान चालला होता फडक्याचा.

हिनं अंबाड्यातला आकडा काढला, भोक मोकळं केलं. त्यानंतर पुण्यापर्यंत गाडीनं हूं की चूं केलं नाही.

पुढे वाचनात आलं की हा आकडा परंपरेतलाच आहे. मोटारीचं पेटंट १८८६ साली कार्ल बेंझच्या नावानं झालं. पण १८८८च्या ऑगस्टमध्ये ती गाडी नवऱ्याला न सांगता मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरेक किलोमीटर नेली ती त्याच्या बायकोनं, बर्थानं. बरोबर पंधरा नि तेरा वर्षांची दोन मुलं. कुठे? तर माहेरी! वाटेत वीसलोखच्या औषधवाल्याकडून डाग काढायचं लिग्रोइन घेऊन तिनं तेच इंधन म्हणून ओतलं, आणि इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेनं मोकळी केली. तिच्या हुंड्याचा पैसा तर लग्नाआधीच कार्लच्या धंद्यात गेला होता. पेटंटवर नाव मात्र त्याचं.

मी हसलो, आणि लगेच थांबलो.

कारण त्या दिवशी अकराला दहा कमी असताना आम्ही मांडवात शिरलो, तेव्हा मेव्हण्यांनी विचारलं, "काय झालं होतं गाडीला?" आणि मी म्हणालो होतो, "टोपणाचं भोक बुजलं होतं. शेवटी सापडलं मला." मावशी शेजारीच उभी होती. काही बोलली नाही, लाडवांचा डबा तेवढा पुढे केला.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाडीही गेली. दोघींच्या माघारी ती एक दुरुस्ती राहिली आहे, ती करून टाकतो. बुजवलं मी होतं. सापडलं तिला.