पाखल्यांचा कागद आणि इंग्लंडचे दार

सासष्टीतल्या गावांत आज सहज चौकशी केली तरी एखादे घर असे सापडतेच, ज्याची कर्ती माणसे स्विंडनला असतात. स्विंडन हे लंडनच्या पश्चिमेचे, एकेकाळी रेल्वेच्या कारखान्यांवर वाढलेले शहर. पण आपण बोलताना 'तो स्विंडनला गेला' असे म्हणत नाही, 'तो पोर्तुगीज झाला' असे म्हणतो, आणि तेही जरा नाक मुरडून. मराठी वाचणाऱ्या आपल्या मंडळींत तर हा विषय निघाला की कुणीतरी मुक्तिसंग्रामाची आठवण काढतो, आणि बोलणे तिथेच थांबते. वास्तविक ते तिथून सुरू व्हायला हवे, कारण या कथेतल्या तारखा मोठ्या विलक्षण आहेत.

गोंयकार कामासाठी बाहेर पडला त्याला शतके लोटली. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या कुडी उभ्या राहिल्या त्या याच माणसांसाठी. तारवटी तिथे पेटी ठेवायचा आणि पुढची बोट मिळेपर्यंत पथारी टाकायचा. इंग्रजांच्या बोटींवर त्याने हयात घालवली तरी इंग्लंडात राहायचा हक्क त्याला त्यातून मिळाला नाही. अशा खलाशांच्या करारातच त्यांना परत हिंदुस्थानच्या बंदरात आणून सोडण्याची अट असे. पुढे १९७० च्या दशकात तेलाचा पैसा आला आणि आखाताची वाट रुळली. तिथेही तेच. मालक म्हणजे 'कफील', त्याच्या नावावर इकामा, आणि नोकरी संपली की मुक्काम संपला. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा वीस-वीस वर्षे तिथे राबलेली माणसे हातात एक बॅग घेऊन अम्मानमार्गे परतली. एअर इंडियाच्या विमानांनी तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय आणले, त्यांत आपले गोंयकारही होते. परदेशात कमाई होते, घर होत नाही, हे तेव्हापासून आखातातल्या प्रत्येकाच्या मनात पक्के बसले असणार.

आता इंग्लंडकडे वळू. १९४८ च्या ब्रिटिश कायद्याने राष्ट्रकुलातल्या नागरिकाला, म्हणजे भारतीयालाही, इंग्लंडात जाऊन राहण्याची आणि काम करण्याची मुभा होती. पंजाबातून आणि गुजरातेतून लोक गेले ते या मुभेवर. गोंयकार मात्र कायद्याने पोर्तुगीज प्रजा, म्हणजे ब्रिटनच्या लेखी परका. त्याला कामाचा परवाना लागे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ ला भारत सरकारने गोवा, दमण आणि दीवसाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ च्या आधी जो या भूमीत जन्मला, किंवा ज्याचे आईवडील अथवा आजीआजोबांपैकी कुणी इथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारतीय नागरिक झाला. ज्याला नको असेल त्याने महिन्याभरात तसे लिहून द्यायचे. बहुतेकांनी काही लिहून दिले नाही. ज्यांनी दिले त्यांच्यापैकी मोन्सेन्योर मोंतैरो या पाद्र्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपण इथलेच, मग आपल्याच गावात राहायला परवाना कशाला, असा त्यांचा पवित्रा होता. १९६९ मध्ये न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. पोर्तुगीज राहणे निवडले की परदेशी म्हणूनच राहावे लागेल, असा त्याचा अर्थ.

गंमत पाहा. या आदेशाने गोंयकार मागील तारखेपासून राष्ट्रकुलाचा नागरिक झाला, म्हणजे इंग्लंडचे दार त्याला उघडले. आणि १ जुलै १९६२ ला ब्रिटनने राष्ट्रकुलातल्या लोकांवर निर्बंध घालणारा कायदा अमलात आणून ते दार आवळले! जेमतेम सहा महिने. त्यानंतर मजूर खात्याचे व्हाउचर मिळाले तरच प्रवेश. ठरलेली नोकरी असेल तर एक वर्ग, हातात कसब असेल तर दुसरा, आणि नुसते अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांसाठी तिसरा. हा तिसरा वर्ग काही वर्षांतच बंद पडला. त्यापुढची तारीख १ जानेवारी १९७३. त्या एकाच दिवशी ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात शिरला आणि त्याच दिवशी १९७१ चा इमिग्रेशन कायदा लागू झाला. युरोपातल्या कामगाराला वाट मोकळी झाली, राष्ट्रकुलातल्या कामगाराची उरलीसुरली सवलत गेली. पोर्तुगाल तेव्हा त्या बाजाराबाहेर होता, त्यामुळे जुन्या पोर्तुगीज कागदालाही तेव्हा काही मोल नव्हते.

ते मोल आले ते लिस्बनच्या हट्टातून. सालाझारच्या सरकारने गोव्याची मुक्ती कधी मान्यच केली नाही, म्हणून त्यांच्या लेखी इथे जन्मलेले लोक पोर्तुगीजच राहिले. एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर पोर्तुगालचे धोरण पालटले, आणि ३१ डिसेंबर १९७४ ला नवी दिल्लीत करार झाला. त्यावर सही करणारे आपले परराष्ट्रमंत्री म्हणजे यशवंतराव चव्हाण, आणि समोर मारियु सुआरिश. गोवा भारताचा हे पोर्तुगालने मान्य केले. पण मुक्तीआधी जन्मलेल्याचा राष्ट्रीयत्वाचा हक्क त्यांनी पुसला नाही, आणि १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने परदेशात जन्मलेल्या त्याच्या मुलांनाही नोंद करून तो घेता येऊ लागला. १ जानेवारी १९८६ ला पोर्तुगाल युरोपीय समुदायात आला, १९९२ पासून त्याच्या कामगारांना इतर सदस्य देशांत मोकळीक मिळाली. आणि आजोबांची धूळ खात पडलेली जन्मनोंद एकाएकी इंग्लंडची किल्ली झाली.

ही नोंद कुठे असते? तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारकडे किंवा पणजीच्या पुराभिलेखागारात, पोर्तुगीज भाषेत, वळणदार अक्षरात. ती मिळवण्यापेक्षा जुळवणे कठीण. वहीत कामताचा कामोतिम, प्रभूचा पोरोबो, शेणव्याचा सिनाय झालेला असतो. पुढे शाळेत नाव पडते इंग्रजी स्पेलिंगाने, पासपोर्टवर तिसऱ्याच स्पेलिंगाने. मग हा माणूस आणि तो माणूस एकच, हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्रे. आधी वडिलांचा जन्म लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात चढवायचा, मग त्यांचे लग्न, मग मुलाचा जन्म. एका अक्षराने साखळी तुटते. या जुळवाजुळवीवर गोव्यात वकिलांचा आणि एजंटांचा एक धंदाच उभा राहिला. आणि हे फक्त ख्रिस्ती समाजाचे, हा समजही चुकीचा. संख्येने ते जास्त हे खरे, पण १९१० च्या प्रजासत्ताकानंतर नागरी नोंदणीच्या वहीत हिंदूंचीही नावे चढू लागली होती, आणि हिंदू घरांतूनही हे कागद काढले गेले आहेत.

त्याची किंमत मात्र रोकड मोजावी लागते. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. स्वेच्छेने परके नागरिकत्व घेतले की १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ ने भारतीय नागरिकत्व जाते. नुसती जन्मनोंद चढवली म्हणजे ते गेले का, यावर गोव्यात बरीच वर्षे वाद झाला. लिस्बन म्हणते, हा जन्मापासून आमचाच. दिल्ली म्हणते, तू १९६१ मध्ये आमचा झालास आणि आता सोडून चाललास. ओसीआय कार्ड मिळाले तर येण्याजाण्याची आणि राहण्याची सोय होते, पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित भाट वारशाने येते, शेजारचे शेत विकत घेता येत नाही.

म्हणून 'यांना पाखल्यांचे प्रेम' हे ऐकले की मला पटत नाही. यांतले बहुतेक पोर्तुगालमध्ये राहिलेही नाहीत, भाषाही त्यांना येत नाही. ज्या तरुणाने कुवेतहून परतलेला बाप पाहिला, तो रात्रपाळीच्या गोदामात उभा राहायला तयार झाला, कारण इथे पाच वर्षे सलग राहिले की कायमच्या वास्तव्याचा हक्क आपोआप मिळत होता. युरोपचा तसा नियम २००६ पासून ब्रिटनमध्ये लागू होता. बायकोकडे भारतीय पासपोर्ट असला तरी तीही सोबत राहू शकत होती. जहाजावर आणि आखातात जे मिळाले नाही, ते हेच.

२३ जून २०१६ च्या ब्रिटिश सार्वमताने हे संपवले. मुदत ठरली ३१ डिसेंबर २०२०, रात्री ११. गोव्यात तेव्हा १ जानेवारीची पहाट, साडेचार वाजलेले. त्याआधी तिथे राहायला गेलेल्यांनी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा होता. पाच वर्षे भरलेल्यांना पक्का दर्जा, बाकीच्यांना तात्पुरता. त्यानंतर जाणाऱ्या गोंयकाराचा पोर्तुगीज पासपोर्ट कामाच्या व्हिसापुरता भारतीय पासपोर्टाच्याच रांगेत आला. आयर्लंड, फ्रान्स, जर्मनी त्याला अजून मोकळे आहेत, पण तिथे स्विंडनसारखी आधी गेलेली मावशी नसते. २०२० सालीच कोविड आला आणि काहीजण गावी अडकले. बारा महिन्यांत सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिले की पाच वर्षांचा सलगपणा तुटे, असा तेव्हा साधारण नियम होता. साथीसाठी सवलत होती, पण ती पुराव्यानिशी मागावी लागे. मग पुन्हा कागद गोळा करणे आले. रद्द झालेल्या विमानाचे तिकीट, डॉक्टरची चिठ्ठी, स्विंडनच्या घरभाड्याच्या पावत्या.